गरम इंजिन का रुसते?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यातील दुपारचे दोन वाजले आहेत. पुण्याहून सूस, नांदे ही गावे मागे टाकीत एक जुनी मोटार मुळशी तालुक्यातील चांदे या गावी येऊन थांबते. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे आणि चार वाजता पुण्याच्या डॉक्टरांनी तिला तपासायला बोलावले आहे. मामा इंजिन बंद करतात, घरात जाऊन पाणी पितात, आजीचे सामान उचलून आणतात. या सगळ्यात वीस मिनिटे जातात. आजी गाडीत बसते. मामा किल्ली फिरवतात. इंजिन खरखर फिरते, पण पेट काही घेत नाही.

मग नेहमीचा प्रकार सुरू होतो. ओट्यावर बसलेले काका म्हणतात, "बॅटरी उतरली असंल." ट्रॅक्टर चालवणारा भाऊ म्हणतो, "मामा, पेट्रोल ओव्हर झालंय." तिसऱ्याचे मत, "कॉइल तापलीय." चौथा सांगतो, "पेट्रोलच वर चढत नाही. पंपावर ओलं फडकं टाका." मामा फडके टाकतात, ॲक्सिलरेटर दहा वेळा दाबतात, पुन्हा किल्ली फिरवतात. गाडी गप्पच. साडेचार वाजता, सारे कंटाळून बसलेले असताना, ती एका झटक्यात सुरू होते! पण तोवर डॉक्टरांची वेळ टळून गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडी गॅरेजात नेतात. तेथे ती पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. तपासणाऱ्याला काहीच दोष दिसत नाही. "बॅटरी जुनी आहे, बदलून टाका," असा सल्ला मिळतो. नवी बॅटरी येते, पैसे जातात आणि पुढच्या रविवारी चांद्यात भर दुपारी तोच प्रकार पुन्हा घडतो.

आता प्रश्न असा, की चौघांपैकी कोणाचे बरोबर होते? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, ते ठरवायचे कसे? चौघांनी सांगितलेली चारही कारणे शास्त्रदृष्ट्या खरी असू शकतात. थंड असताना झटकन सुरू होणारे आणि गरम असताना अडून बसणारे इंजिन हे एक लक्षण आहे. तो रोग नव्हे. ताप आला म्हणजे हिवताप असेल, विषमज्वर असेल किंवा साधे पडसेही असेल. डॉक्टर जसे तपासल्यावाचून औषध देत नाहीत, तसेच येथेही आहे. त्यासाठी आधी इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ.

पेट घेण्यासाठी काय लागते?

पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर नावाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या ते दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेल्या वायूंच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जातो. म्हणजे इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी हव्यात: योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी आणि मिश्रण नीट दाबले जाईल इतक्या वेगाने इंजिन फिरणे. या तिन्हींपैकी एक जरी नसली, तरी गाडी सुरू होणार नाही.

यांतील मिश्रणाची अट फार नाजूक आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोलच्या वाफेचे हवेतील प्रमाण, आकारमानाने, साधारण दीड टक्क्यापेक्षा कमी असेल तर मिश्रण पेटत नाही. कारण जळायला पुरेसे इंधनच नसते. पण हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर गेले तरीही ते पेटत नाही! आता इंधन मुबलक असते, पण त्याला पुरेल इतका ऑक्सिजन नसतो. पेट्रोल कमी पडले तरी गाडी बंद आणि जास्त झाले तरी गाडी बंद, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्या कोड्याची किल्ली तिच्यातच आहे.

बंद केल्यावर तापणारे इंजिन

इंजिन बंद केले की ते लगेच थंड होऊ लागते, असे तुम्हाला वाटेल. एकूण इंजिनाची उष्णता हळूहळू कमी होते हे खरे. पण त्याच्या भोवतालच्या भागांचे उलटेच होते. चालत्या इंजिनात पाण्याचा पंप पाणी फिरवीत असतो, पंखा हवा खेचीत असतो, धावत्या गाडीला समोरून वारा लागत असतो आणि टाकीतून येणारे ताजे पेट्रोल नळीतून व कार्बोरेटरमधून सतत वाहत असते. किल्ली बंद केली की हे सारे एकदम थांबते. धुराड्याच्या नळाचा इंजिनाजवळचा भाग मात्र कित्येक शे अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याची उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही मार्गांनी आसपासच्या थंड भागांत शिरू लागते. बॉनेटखाली ती कोंडली जाते. त्यामुळे कार्बोरेटर, पेट्रोलचा पंप, इग्निशन कॉइल हे भाग गाडी धावत असताना जेवढे गरम होते, त्याहून अधिक गरम होतात. साधारण पाव ते अर्ध्या तासात हे तापमान कळसाला पोचते आणि मग उतरू लागते.

आता मामांच्या गाडीचा हिशेब लावा. ती वीस मिनिटे थांबली होती, म्हणजे नेमकी सर्वांत वाईट वेळ. मामा दोनच मिनिटे थांबले असते, तर गाडी बहुधा सुरू झाली असती. अडीच तास थांबल्यावर ती सुरू झालीच. म्हणूनच चांगला मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, "किती वेळ थांबल्यावर सुरू होत नाही?" या एका उत्तरातूनच पुष्कळ उलगडा होतो.

पेट्रोल उकळते कधी?

पाणी समुद्रसपाटीला १०० °से. तापमानास उकळते. मग पेट्रोल? या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही, कारण पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील पेंटेन ३६ °से.ला उकळते, हेक्झेन ६९ °से.ला, हेप्टेन ९८ °से.ला, तर ऑक्टेन सुमारे १२६ °से.ला. पेट्रोलचे सर्वांत हलके घटक मेमधल्या उन्हातच उडू पाहतात आणि जड घटकांना सुमारे २०० °से. लागतात. हे मुद्दाम केलेले असते. हलके घटक नसते, तर थंडीच्या सकाळी पेट्रोलची पुरेशी वाफच झाली नसती आणि गाडी सुरू करणे कठीण गेले असते. थंड इंजिनाला जे वरदान, तेच गरम इंजिनाला शाप ठरते.

दुसरी गोष्ट, उत्कलनबिंदू दाबावर अवलंबून असतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० °से.च्या वर जाऊन उकळते. दाब कमी केला तर ते लवकर उकळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो आणि पाणी ९८ °से.च्या आसपास उकळते. पेट्रोललाही हाच नियम लागू. घाट चढून आलेल्या गाडीत पेट्रोल दोन्हीकडून कात्रीत सापडते. चढावर इंजिन अधिक तापलेले आणि हवेचा दाब मात्र उतरलेला.

एकच लक्षण, उलट कारणे

जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटून असे. हा पंप इंजिनाच्याच गतीने चाले. त्यातील लवचीक पडदा खालीवर होई आणि लांबून पेट्रोल ओढून घेई. ओढणे म्हणजे दाब कमी करणे. आधीच तापलेल्या नळीत दाब कमी झाला, की पेट्रोलचे हलके घटक उकळून बुडबुडे होतात. द्रवाची वाफ झाली की तिला सुमारे दोनशे पट जागा लागते. मग पंपाच्या पोकळीत पेट्रोलऐवजी वाफच भरते. पडदा खाली गेला की वाफ फुगते, वर आला की आकसते; पेट्रोल मात्र जागचे हलत नाही. याला वाफेची कोंडी म्हणता येईल. गॅरेजात 'व्हेपर लॉक' हाच शब्द चालतो. येथे इंजिनाला पेट्रोल कमी पडते.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तुमच्या आई-वडिलांनी नक्की पाहिल्या असतील. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली मोटार, कित्येक दशके या शहराची टॅक्सी होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतून कायमची निवृत्त झाली. कार्बोरेटर आणि इंजिनावर चालणारा पंप असलेल्या त्या पिढीतील गाड्यांचे चालक उन्हाळ्यात जवळ पाण्याची बाटली आणि फडके ठेवीत. गाडी अडली की पंपावर ओले फडके! पाण्याचे बाष्पीभवन होताना ते पंपातील उष्णता शोषून घेते, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि कोंडी सुटते. माठातील पाणी थंड होते, त्याच तत्त्वावर हा उपाय चालतो. तेव्हा चांद्यातील चौथ्या गृहस्थाचा सल्ला अडाणीपणाचा मुळीच नव्हता.

पण आता कार्बोरेटरकडे पाहा. त्यात फ्लोट चेंबर नावाची एक छोटी वाटी असते आणि तिच्यात पेट्रोलचा थोडा साठा असतो. इंजिन बंद झाल्यावर ही वाटी खालून तापते आणि त्यातील पेट्रोल उकळू लागते. दूध उतू जावे तसे ते जेटमधून वर ढकलले जाते आणि थेंब थेंब इंजिनाकडे जाणाऱ्या नळात पडते. तो नळ पेट्रोलच्या दाट वाफेने भरून जातो. मिश्रण साडेसात टक्क्यांच्या पुष्कळ पुढे गेले, की ठिणगी कितीही चांगली असो, ते पेटणार नाही. येथे इंजिनाला पेट्रोल जास्त झालेले असते. 'ओव्हर झालंय' म्हणणारा भाऊ याच स्थितीविषयी बोलत होता.

आता गंमत पाहा. दोन्ही वेळी बाहेरून दिसणारे लक्षण अगदी सारखेच: इंजिन फिरते, पेट घेत नाही, थंड झाल्यावर सुरू होते. उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. पेट्रोल कमी पडत असेल तर ते पोचवायला हवे. जास्त झाले असेल तर हवा आत सोडून ते पातळ करायला हवे. एका रोगावरचे औषध दुसऱ्या रोगात दिले तर दुखणे वाढतेच. ॲक्सिलरेटर प्रत्येक वेळी दाबला, की कार्बोरेटरमधील एक छोटा पंप पेट्रोलची आणखी एक पिचकारी मारतो. मामांनी तो दहा वेळा दाबला होता. इंजिन आधीच बुडालेले असेल, तर मामांनी त्याला आणखीच बुडवले!

ठिणगी, सेल्फ आणि झडपा

बॅटरीचा दाब १२ व्होल्ट; प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात. हे काम इग्निशन कॉइल करते. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातील प्रवाह अचानक तोडला, की विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाने दुसऱ्यात मोठा दाब निर्माण होतो. तारांवरील वेष्टन जुने झाले असेल, तर तापल्यावर ते दाब सोसू शकत नाही. वीज आतल्या आतच उडी मारते आणि प्लगपर्यंत पोचणारी ठिणगी अशक्त होते किंवा नाहीशी होते. थंड झाल्यावर कॉइल पुन्हा चांगली! जुन्या गाड्यांतील कंडेन्सरचेही असेच होई.

सेल्फच्या मोटारीचेही उष्णतेशी वैर आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. ३० °से.वरून १०० °से.पर्यंत, म्हणजे ७० अंशांनी तार तापली, तर रोध ७० × ०.३९ म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी वाढेल. सेल्फ शंभर ते दोनशे अँपियर प्रवाह खेचतो. बॅटरीच्या जोडणीवर गंज बसून तेथे केवळ ०.०१ ओहम जादा रोध निर्माण झाला असेल, तरी १५० अँपियर प्रवाहाला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. थंड असताना कशीबशी चालणारी जोडणी गरम झाल्यावर हात टेकते. मात्र या दोषाची खूण निराळी असते. इंजिन फिरतच नाही, किंवा रडतखडत फिरते.

राहिल्या झडपा. मिस्त्री 'टॅपेट' सेट करतात, म्हणजे झडपेच्या दांड्यावर ठरावीक बारीक फट ठेवतात. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, म्हणून ही फट आवश्यक. ती फार कमी ठेवली, तर गरम झालेली झडप पूर्ण बंदच होत नाही आणि दाबलेले मिश्रण निसटून जाते.

मिस्त्रींचा तपास

आता पुन्हा आपल्या प्रसंगाकडे वळू. मामा गाडी एका अनुभवी मिस्त्रीकडे घेऊन जातात. मिस्त्री गाडी सुरू करून पाहतात आणि म्हणतात, "आत्ता ती बरी आहे. बरी असताना तपासून काय कळणार? आधी आजारी पाडू या." बॅटरी बदलणाऱ्याला हीच गोष्ट सुचली नव्हती. जो दोष गरम असतानाच दिसतो, तो गरम असतानाच शोधला पाहिजे.

गाडी हिंजवडीपर्यंत फिरवून आणतात. इंजिन बंद करून, बॉनेट लावून, वीस मिनिटे उन्हात ठेवतात. मग किल्ली फिरवतात. गाडी रुसलेलीच! आता खरा तपास सुरू होतो.

पहिली पायरी: इंजिन जोरात फिरते का? फिरते. फिरताना बॅटरीवर व्होल्टमीटर साडेदहा व्होल्ट दाखवतो. बॅटरी, तारा, सेल्फ यांवरचा संशय गेला.

दुसरी पायरी: ठिणगी आहे का? मिस्त्री प्लगच्या तारेत ठिणगी दाखवणारे बंदिस्त उपकरण जोडतात. ठिणगी सारख्या अंतराने, लख्ख पडते आहे. कॉइल आणि कंडेन्सर सुटले.

तिसरी पायरी: पेट्रोल कमी की जास्त? मिस्त्री प्लग काढतात. ते कोरडे असते, तर संशय पंपावर गेला असता. पण ते ओले आहेत आणि त्यांना पेट्रोलचा उग्र वास येतो आहे. हवेची गाळणी काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहिले, तर इंजिन बंद असूनही जेटमधून थेंब टपकताना दिसतात. म्हणजे पेट्रोल जास्त झाले आहे.

चौथी पायरी पडताळ्याची. प्लग पुसून, थोडा वेळ जाऊ देऊन मिस्त्री ते पुन्हा बसवतात. ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून तसाच धरतात आणि किल्ली फिरवतात. झडप सताड उघडल्याने भरपूर हवा आत जाते, दाट वाफ पातळ होते आणि इंजिन खोकत खोकत सुरू होते. निदान पक्के झाले.

पण मिस्त्री येथे थांबत नाहीत. पेट्रोल का उकळते, हा प्रश्न उरतोच. वाटीत पेट्रोल सोडणारी सुई गळत असेल का? गाडी थंड झाल्यावर ते पाहतात. पेट्रोलची पातळी बरोबर आहे, एक थेंबही गळत नाही. म्हणजे दोष उष्णतेचाच. मग कार्बोरेटर आणि तापलेला नळ यांच्यामधील जागा ते न्याहाळतात आणि हसतात. तेथे उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड ठोकळा असायला हवा होता. मागे कोणीतरी कार्बोरेटर उतरवला असताना तो तुटला असावा. त्याच्या जागी नुसता पातळ कागदी गॅस्केट बसवलेला होता. बेकेलाइट उष्णतेचा मंदवाहक आहे. कढईच्या आणि इस्त्रीच्या मुठी त्याच्या करतात, त्या याच कारणाने. ठोकळा नाही, म्हणून नळाची उष्णता थेट वाटीत पोचत होती.

नवा ठोकळा बसवला जातो. आता शेवटची पायरी, जी पुष्कळ लोक विसरतात: तीच चाचणी पुन्हा. तेवढेच अंतर, तेवढीच वीस मिनिटे, तेच ऊन, बॉनेट बंद. किल्ली फिरवताच गाडी सुरू होते. एकच गोष्ट बदलली आणि दोष गेला. म्हणून दोषाचे कारण तीच गोष्ट, असे आता म्हणता येते. एकदम चार भाग बदलले असते, तर गाडी कदाचित सुरू झाली असती. पण कशामुळे, हे कोणालाच कळले नसते. पैसे मात्र चारही भागांचे गेले असते.

आजच्या गाड्यांचे काय?

भारतात साधारण २००० सालानंतर मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर नव्या मोटारसायकलींतही इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांचे राज्य आले. आता पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. तो पेट्रोल ओढीत नाही, तर ढकलतो; पुष्कळ मोटारींत हा दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. प्रेशर कुकरचा नियम आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. म्हणून वाफेची कोंडी सहसा होत नाही.

तरीही गरम इंजिनाचा रुसवा संपलेला नाही. इंजिन बंद केल्यावर नळीतील दाब टिकवणारी झडप गळू लागली, की पेट्रोल पुन्हा उकळते. इंजेक्टर गळला, तर पेट्रोल जास्त होते. पाण्याचे तापमान सांगणारा संवेदक हा एक थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध तांब्याच्या उलट कमी होतो. २० °से.ला दोन-अडीच हजार ओहम असणारा रोध ८० °से.ला काहीशे ओहमवर येतो. त्याची तार तुटली, तर रोध अनंत होतो. गणकयंत्राला वाटते, इंजिन बर्फासारखे गार आहे! ते भरमसाट पेट्रोल सोडते. इंजिनाच्या दांड्याची जागा सांगणाऱ्या संवेदकातील केसासारखी तार तापल्यावर क्षणभर तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. मग ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबतात.

यंत्रे बदलली, पण प्रश्न तेच राहिले: फिरते का? ठिणगी आहे का? पेट्रोल कमी की जास्त? गॅरेजातील स्कॅनर संशयितांची यादी देतो. गुन्हा शाबित करायचे काम मिस्त्रींच्या बुद्धीकडेच राहते.

गाडी तापवून मुद्दाम उभी करण्याची मिस्त्रींची युक्ती प्रदूषणाच्या नियमांतही आहे. गरम गाडी बंदिस्त खोलीत तासभर ठेवून तिच्यातून पेट्रोलची किती वाफ निघते, ते मोजले जाते. गाड्यांच्या अशा शास्त्रीय चाचण्यांसाठी पुण्यात, वेताळ टेकडीवर, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिची स्थापना १९६६ साली झाली.

करून पाहा

पेट्रोलला हात न लावता यांतील दोन गोष्टी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहता येतील.

१. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ६० ते ६५ °से. तापमानाचे थोडे पाणी घ्या. आतील हवा घालवून तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उठतील. ते उकळू लागेल! दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. तापलेल्या नळीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात हेच घडते.

२. लोखंडाच्या बारीक तारेचे वेटोळे करून ते दोन सेल आणि विजेरीचा जुन्या पद्धतीचा, तंतूचा छोटा दिवा यांच्याशी एकसरीत जोडा. वेटोळे स्पिरिटच्या दिव्यावर धरा. दिवा मंद होईल. ज्योत दूर केली की पुन्हा उजळेल. गरम तारेचा रोध वाढतो, याचा हा पुरावा.

एवढे मात्र करू नका

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण उघडताच ते उसळून तोंड-हात भाजतात. पेट्रोलचा वास येत असेल तर जवळ काडी ओढू नका. मोकळ्या तारेने ठिणगी पाहण्याचा उद्योग तर घरी मुळीच नको. पेट्रोलच्या वाफेला एवढी ठिणगी पुरते आणि तो विजेचा धक्का जबर असतो. मिस्त्री तपास करीत असतील तेव्हा शेजारी उभे राहून पाहा आणि प्रश्न विचारा.

आता सुरुवातीच्या चार मतांकडे पुन्हा पाहा. भावाचे मत बरोबर निघाले, पण तपास होईपर्यंत तोही बाकीच्या तिघांसारखाच अंदाज बांधत होता. पुढच्या खेपेस मामा आजीला न्यायला आले, ते असेच दुपारी दोन वाजता. चहा झाला, सामान बांधून झाले, वीस मिनिटे गेली. ओट्यावरच्या काकांनी सवयीने विचारले, "फडकं आणू का?" मामांनी किल्ली फिरवली. फडक्याची गरज पडली नाही आणि आजी चारच्या आत डॉक्टरांकडे पोचली.